मे महिन्यात कापलेले बैल

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यातही धानाच्या रोवणीला आणि मोहफुलं वेचायच्या दिवसांत बुडायची. शिवाय कानस चालवून चालवून उजव्या हाताची बोटं सकाळी लवकर वळत नाहीत, म्हणून ओळ सरळ सुरू होते आणि पुढे जाऊन उतरणीला लागते. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण कागद कधी ना कधी कुणाच्या हाती लागतोच. लागला तर चुकांकडे बघू नये, एवढी विनंती आहे.

आज सकाळी शेडचं दार उघडलं आणि सवयीने भिंतीवरच्या लाकडाकडे पाहिलं. आंब्याच्या रुंद फळीतून आडवी कापलेली हातभर पट्टी आहे ती. वरचं टोक खिळ्याने भिंतीला ठोकलं आहे, खालचं मोकळं लोंबतं. त्याच्या बाजूला चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. उन्हाळ्यात पट्टीचं टोक सगळ्यात वरच्या रेघेशी असतं. पाऊस लागला की ते हळूहळू खाली सरकतं, आणि श्रावण सरत आला की शेवटच्या रेघेवर येऊन टेकतं. आज टेकलं होतं. बाकीच्या बाया पोळा कधी आहे ते कॅलेंडरात बघतात. मला ते लाकूड सांगतं. आणि दर वर्षी ते पाहिलं की मी थोडा वेळ फळ्यांच्या ढिगावर बसून राहते. मग उठते, झाडू मारते, काम सुरू करते.

शेडमध्ये आमचं राउटर मशीन आहे. मोठ्या लोखंडी टेबलासारखं दिसतं. टेबलावरून एक मोटर इकडे तिकडे सरकते, आणि तिच्या खाली बोटाएवढं पातं गरगर फिरत लाकूड खात जातं. कंप्युटरमध्ये नक्षा टाकून द्यायचा, लाकूड पक्कं आवळायचं, आणि पात्याला सुरुवातीची जागा दाखवायची. पुढचं ते आपलं आपण करतं. लोकांना वाटतं हे देवघराच्या जाळीचं, फुलापानाच्या नक्षीचं मशीन. आम्ही मात्र सांधे कापतो. खुर्चीचा पाय, चौकटीचा कोपरा, पलंगाची पाटी. एका लाकडात खाच, दुसऱ्याच्या टोकाला निमुळती जीभ, आणि जीभ खाचेत जाऊन बसली पाहिजे. खिळा नाही, स्क्रू नाही. बसली तर घर उभं राहतं, नाही तर नुसता सरपणाचा ढीग.

इंग्रजी मला येत नाही, पण मशीनच्या तीन दिशा पाठ आहेत. एक्स म्हणजे दाराकडे. वाय म्हणजे विहिरीकडे. झेड म्हणजे खाली, लाकडाच्या आत. झेडला चुकलं तर पातं टेबलात घुसतं आणि असा आवाज येतो की कोंबड्या छपरावर चढतात.

हे मशीन आलं त्याच्या आधीचे श्रावण वेगळे होते. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, सुतार. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडाचे बैल सजवून, दोरी धरून ओढत फिरतात, घरोघरी जातात आणि बोजारा मागतात. कुणी दहाची नोट देतं, कुणी चॉकलेट. ते बैल मामाजी करायचे. श्रावण लागला की ओसरीवर पोतं अंथरून बसायचे. पावसाची झड समोरून यायची, त्यांच्या पायाची बोटं ओली व्हायची, पण ते सरकायचे नाहीत. पटाशीने बैलाच्या पोटात चार खाचा, चार पायांना चार जिभा. कोणता पाय कोणत्या खाचेत, ते ओळखायला कोळशाची खूण. दुसऱ्या पायाला ती खाच चालायची नाही. जणू प्रत्येक पाय त्या एकाच पोटासाठी जन्मलेला. ओल्या लाकडाचा भुसा दमट, जड, ओसरीला चिकटून बसायचा. मी शेणाने सारवायला गेले की पोतेऱ्यात यायचा. तेव्हा त्याचा राग यायचा मला.

होळीच्या सुमारास तीच पोरं लंगडे बैल घेऊन यायची. "आबा, पाय हालून राह्यला." मामाजी हसायचे. "काय कबड्डी खेळवली का रे त्याले?" आणि बारीक पाचर मारून द्यायचे. पोरांच्या खेळण्याने पाय ढिले होतात, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यामागे दुसरं काही असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. येण्याचं कारणच नव्हतं.

मग आमच्या ह्यांनी मशीन आणलं. बल्लारपूरला एक फर्निचरचं दुकान बंद पडलं होतं, तिथून जुनं उचललं. मिनी ट्रकमध्ये ताडपत्री घालून आणलं तेव्हा सारा गाव शेडभोवती. आधीच्या मालकाने दोन दिवस राहून शिकवलं. पहिली खाच कापली तेव्हा तिचे आतले कोपरे गोल आले, कारण पातंच गोल. ह्यांनी सगळ्या जिभांचे कोपरेही गोल करून टाकले, तसा नक्षाच बदलला. मग एक पाय उचलून एका बैलात घातला, काढला, दुसऱ्या बैलात घातला. बसला. तिसऱ्यात घातला. तिथंही बसला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"पाह्यलं काय, सोनूच्या माय? कोन्ताही पाय कोन्त्याही बैलाले! खुनाच नाई कराव्या लागत."

सोनू आमची मुलगी. तेव्हा ती लहान होती, सगळे पाय पसरून त्यात खेळत बसायची.

चंद्रपूरच्या एका शेटजीने ते बैल पाहिले आणि मोठी ऑर्डर दिली. त्याला बैल जोडलेले नको होते. डोक्याशिंगांसकट पोट, पाय, चाकाची पाटी वेगवेगळी, एका डब्यात बंद. शहरातल्या पोरांनी स्वतः जोडायचे. डबे लहान, गाडीत जास्त मावतात. त्याने बयाणा दिला, चांगला भरभक्कम, आणि त्यात आम्ही लाकूड घेतलं, पाती घेतली, मशीनचं राहिलेलं देऊन टाकलं. पोळ्याला अजून खूप वेळ होता. पण मशीन होतं ना. आता पोळ्याची वाट कशाला बघायची, आत्ताच कापून ठेवू, असं ह्यांनी ठरवलं.

तो मे महिना. आमच्याकडचा मे ज्याने काढला आहे त्यालाच कळेल. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी लोखंडाला हात लावता येत नव्हता. आख्खं गाव तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात जायचं, आणि आम्ही दोघं मशीनपाशी. आंब्याच्या फळ्या इतक्या सुकल्या होत्या की बोटाने वाजवल्या तर मडक्यासारख्या वाजायच्या. भुसा कोरडा, पिठासारखा, नाकात, कानात, भातात. ओला गमछा तोंडावर बांधला तरी तो थोड्या वेळात वाळून कडक व्हायचा. मला त्या उन्हाळ्याचा थकवा आठवतो, पण तो गोड होता. संध्याकाळी दोघंही विहिरीवर एकमेकांच्या डोक्यावर पाणी ओतायचो आणि भुसा पाण्यावर तरंगत जायचा.

शेटजी एकदा स्वतः बघायला आला. घामाने भिजलेला, हातात थंड पाण्याची बाटली. एक पाय बैलात घालून बघितला.

"भाऊ, ढिला वाटून राह्यला."

"कागदाएवढी ढील ठेवली हाय शेटजी. राहू द्या लागते."

"नाही नाही. टाइट पाहिजे. मागच्या वर्षी दुसऱ्याकडून माल घेतला, अर्धे बैल लंगडे निघाले. लोक दुकानात येऊन शिव्या देतात. असा बसला पाहिजे की टक् आवाज आला पाहिजे."

ह्यांनी नक्ष्यात जीभ थोडी जाड केली. नवा पाय कापला, तळहाताने ठोकला. टक् वाजला. शेटजी खूश. मामाजी संध्याकाळी जंगलातून आले, हाताला तेंदूच्या पानांचा काळा डाग. त्यांनाही दाखवलं. त्यांनी पाय ठोकून बघितला, ओढून बघितला, मान हलवली. "बसला बरोबर," म्हणाले. ते चुकले असं मी म्हणत नाही. त्या दिवशी तो खरंच बरोबर बसला होता.

डबे भरून गेले. घर मोकळं झालं. रोवणी झाली, धान हिरवं झालं, आषाढ गेला. श्रावणात झड लागली ती सुटेचना. भिंतींना ओल, मिठाच्या बरणीत पाणी, आगपेटीच्या काड्या पेटेनात. घराची दारं फुगून चौकटीत अडकायची, खांदा लावून उघडायची. दर वर्षीच असं होतं. दार अडकलेलं दिसत होतं आणि तरी आम्हाला डब्यांमधले बैल आठवले नाहीत. याचं मला आजही नवल वाटतं. डोळ्यासमोर रोज घडणारी गोष्ट माणूस बघत नाही, दारावर लाथ मारून पुढे जातो.

पोळ्याला थोडे दिवस उरले असताना शेटजीचा फोन आला. मी उचलला. मला फोनवर बोलायची लाज वाटते, मी नुसतं हूं हूं करत होते. पलीकडून तो ओरडत होता की एकाही बैलात एकही पाय जात नाही. दुकानदारांनी डबे परत आणून टाकले आहेत. एकाने हातोडा मारला तर बैलाचं पोटच फुटलं. मी फोन ह्यांच्या हातात दिला. ते ऐकत राहिले. मग त्यांनी फोन खाली ठेवला आणि कोपऱ्यात उरलेला मे महिन्यातला एक पाय, एक पोट उचललं आणि जोडून बघितलं. जीभ खाचेच्या तोंडावर थांबली. नखाच्या जाडीने मोठी झाली होती, बस्. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. मग ते दोन्ही मांडीवर ठेवून बसले.

मामाजी जवळ आले. त्यांनी पाय हातात घेतला, उजेडात धरून जिभेच्या रेषा बघितल्या, मग पोटाच्या. लाकूड लांबीला फुगत नाही, रुंदीला फुगतं. खाच बैलाच्या लांबीत होती, ती होती तेवढीच राहिली. पायाची जीभ रुंदीत होती, ती वाढली.

"मी जलमभर सरावनातच बैल केले," ते म्हणाले. "फुगलेल्या लाकडाचे. मंग होळीले ढिले होत. मे महिन्यात पोळ्याचे बैल कोन करते? कोनीच नाई केले. म्हनून कोनाले माहीतच नाई."

कुणी कुणाला बोललं नाही. बोलायला कुणाची चूक धरायची? हातानं काम होत होतं तोवर लाकूड आणि आम्ही एकाच मोसमात राहत होतो. मशीन आलं आणि आम्ही त्याच्या तीन महिने पुढे निघून गेलो. लाकूड आलंच नाही आमच्याबरोबर.

शेटजीने टेम्पो भरून सगळे डबे आमच्या दारात पाठवले. जेवढे होतील तेवढे नीट करून द्या, म्हणाला. मशीनवर जिभा पुन्हा कापता आल्या असत्या, पण वादळात मूल गावाकडच्या रोडवर झाडं पडली आणि लाईन गेली. ती पोळ्यानंतरच आली. मग हातानेच. तो श्रावणाचा शेवट मला आठवतो तो असा, ओसरीभर पसरलेले पाय, आणि कानशीचा खसखस आवाज. ओलं लाकूड कानशीने घासलं जात नाही, लोण्यासारखं दात भरून टाकतं. तारेच्या ब्रशने कानस साफ करायची, पुन्हा घासायचं, पुन्हा भरायची. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आणि त्यात ओला भुसा शिरायचा. भाजीत मीठ घालताना हात झोंबायचा.

शेजारची मंदाबाई मदतीला यायची. तिचं तोंड कधी बंद नसतं. सगळे तोंड पाडून बसलेले, तिने एक पोट उचलून समोर ठेवलं.

"वैनी, हे बैल त माह्या नवऱ्यासारखे हायेत. बसले का उठतच नाई."

हे हसले नाहीत. मामाजी हसले. मग मंदाबाई अजून चेकाळली.

"त्याच्या त पायाले बी कानस लावून पाह्यली मी. काई फरक नाई!"

मी पदर तोंडाला लावून हसले आणि हसता हसता डोळ्यातून पाणी आलं. कशाचं ते मला कळलं नाही. मंदाबाईला कळलं असावं. तिने माझ्या हातातला पाय काढून घेतला, म्हणाली, "जा, चाय मांड." मी चुलीपाशी जाऊन बसले.

थोडे बैल झाले, बाकीचे राहिले. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी झड उघडली. दारोदारी पळसाच्या फांद्या खोचलेल्या, चिखलात पोरांची पावलं. सोनू म्हणाली, मला बैल पाहिजे. जे नीट झाले होते ते शेटजीकडे गेले होते. घरात इतके बैल आणि एकही उभा नाही. मग तिने स्वतःच बिनपायाचं एक पोट चाकाच्या पाटीवर ठेवलं, सुतळीने आवळलं, शिंगांना बेगड लावली, गळ्यात मण्यांची माळ बांधली. दिसायला अगदी दमून रवंथ करत बसलेला बैल. ती तो ओढत गावात निघाली. मग बाकीची पोरंही आली, त्यांनीही नेले. त्या वर्षी आमच्या गावच्या तान्ह्या पोळ्यात सगळे बैल बसलेले होते. लोक हसले, बोजारा दिला. मी दारातून बघत होते. हे आत होते, बाहेर आलेच नाहीत.

शेटजी वाईट माणूस नाही. पण त्याचं दुकान आहे, आणि बयाणा तर सारा लाकडात आणि लोखंडात गेलेला. परत तर करायचाच होता. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू, तोवर थोडे थोडे देत जा. ह्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. दिवाळीच्या आधी त्यांनी पटाश्यांना तेल लावून त्या गोणपाटात गुंडाळल्या आणि घुग्घुसला निघून गेले. तिकडे कोळशाच्या कामावर ठेकेदाराकडे जागा होती. मशीन विकून टाकू का, असं त्यांनी जाताना विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांच्यासमोर मी फार कमी वेळा नाही म्हटलं आहे.

"तू चालवशील?"

"शिकवा मले."

तेव्हा त्यांनी एक्स, वाय, झेड शिकवलं. दार, विहीर, खाली.

पहिल्या वर्षी मी गिऱ्हाइकासमोर जात नसे. कुणी आलं की दाराआड उभी राहून बोलायची. "मालक कुठी हायेत?" असं विचारायचे. "घुग्घुसले," मी म्हणायची. मग "मशीन कोन चालवते?" याचं उत्तर द्यायला मला लाज वाटायची. मामाजीच ओसरीवरून सांगायचे, "सूनच चालवते. माप सांगा." आणि खाली बसून पान लावायला लागायचे, जणू यात बोलण्यासारखं काही नाही.

तेव्हाच मी ती आंब्याची पट्टी भिंतीला ठोकली. नवीन काम आलं की आधी तिच्याकडे बघते. टोक वर असेल, म्हणजे लाकूड सुकलं आहे, तर जीभ बारीक कापते, पुढे फुगायला जागा ठेवते. टोक खाली असेल तर जीभ ठसठशीत, कारण ती उन्हाळ्यात आकसणार आहे. गिऱ्हाईक म्हणतं, ढिलं वाटतं. मी म्हणते, दसऱ्यापर्यंत थांबा. एवढंच बोलते. काही थांबतात, काही दुसरीकडे जातात. पहिल्या पहिल्यांदा फार चुकलं. खुर्च्या परत आल्या, एक पलंग परत आला. रेघा खोडल्या, नवीन मारल्या. भिंतीचा तेवढा भाग आता काळा झाला आहे.

बाईमाणूस एकटं असलं की मशीनचा आवाज जास्त मोठा वाटतो. कापून झालं, मोटर बंद केली की कानात बराच वेळ काहीतरी चालू राहतं. त्या रिकाम्या आवाजात मी अनेकदा ह्यांच्याशी बोलत असे. तुम्ही असता तर हा कोपरा कसा केला असता. तुम्ही असता तर आता पुरे म्हणून मी भाकरी करायला उठले असते. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगडासारख्या होतात. मग घरचं, मग मामाजींचं, मग सोनूची शाळा. असं करत किती श्रावण गेले, ते मोजायचं मी सोडून दिलं. पट्टी खाली आली, वर गेली, खाली आली.

हे सुटी मिळाली की गाडीवर यायचे. अंघोळ करून बसले तरी नखांच्या कडा काळ्या. खोकला. मला भीती एकाच गोष्टीची होती. पहिल्या पहिल्यांदा ते आले की शेडमध्ये जायचे, फळ्यांवर हात फिरवायचे, नाकाशी भुसा न्यायचे. नंतर नंतर ते शेडकडे जाईनासे झाले. ओसरीवरच झोपून जायचे, तोंड उघडं टाकून. एकदा मी मुद्दाम गोणपाट उघडून पटाश्या समोर ठेवल्या. त्यांनी एक उचलली, धार अंगठ्याने बघितली आणि परत ठेवली. "राहू दे," म्हणाले. पैसे तर फिटतील कधीतरी, पण फिटेपर्यंत ह्यांच्यातला सुतार जिवंत राहील का, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात चालायचा. मी पाय कापायची, जिभा कापायची, आणि मनात म्हणायची, लवकर. लवकर.

शेटजीच्या दुकानात गल्ल्याजवळ त्याने आमचा एक बैल ठेवला होता. बिनपायाचा. पावत्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवायचा. मी पैसे द्यायला जायची तेव्हा तो मला दिसायचा. शेटजी पैसे मोजायचा आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, "बाई, बैल बसलाच आहे अजून." चिडवायला नाही, सवयीने. मी खाली बघत उभी राहायची.

काल आम्ही दोघं गेलो. ह्यांनी घुग्घुसचा शेवटचा पगार आणला होता, मी पलंगाच्या कामाचे पैसे घेतले होते. शेटजीचे केस आता पांढरे झाले आहेत. त्याने मोजून गल्ल्यात टाकले. मग पावत्यांवरचा बैल उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि ह्यांच्यापुढे धरला.

"भाऊ, हा घेऊन जा. पाय असतील घरी तर उठवा त्याला."

"आता नाई उठनार शेटजी," हे म्हणाले. "आता सरावन हाय. मे महिन्यात उठवतो."

शेटजी मोठ्याने हसला. हेही हसले. किती दिवसांनी हसले ते. बसमध्ये तो बैल माझ्या मांडीवर होता. आंब्याचं लाकूड, पण इतक्या वर्षांच्या हातांनी, तेलाने काळंभोर झालेलं.

घरी आलो तर खांदेमळणीची संध्याकाळ झाली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, वर्षभर जू वाहिलेले खांदे ते. आणि त्यांच्या कानात आवतण देतात, उद्या जेवायला या म्हणून. आमच्याकडे बैल कधीच नव्हते. मामाजी लाकडाच्याच बैलाला चोळतात. यंदाही चोळलं, शेटजीकडून आलेल्या बसक्या बैलाला. मग वाटी माझ्याकडे सरकवली.

"तूप उरलं. फेकू नोको," म्हणाले, आणि काठी टेकत आत निघून गेले.

हे ओसरीच्या पायरीवर बसले होते, शर्ट काढून. खांद्यांवर जुने वळ आहेत, उजवा खांदा डाव्याहून खाली आला आहे. मी बाजूला बसले. कुणी बघत नाही ना, ते पाहिलं. मग वाटीत बोटं बुडवली आणि खांद्यावर ठेवली. ते दचकले, पण बाजूला सरकले नाहीत. माझी बोटं खडबडीत, त्यांचा खांदा दगडासारखा. मी हळूहळू चोळत राहिले. समोर शेडचं दार उघडं होतं, आत कालचा भुसा तसाच पडलेला. ते तिकडेच बघत होते.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी खाली वाकले आणि त्यांच्या कानात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

ते वळले नाहीत. नाकाने भुशाचा वास घेतला, लांब.

"उद्या कुठी जातो आता," ते म्हणाले. "इथीच हावो. फिटले ना सारे पैसे."